काकूंच्या मनगटावरचे काका

कारखान्यात त्यांना सगळे मायक्रॉन म्हणत. लेथवर कातून काढलेल्या तुकड्याच्या मापात केसाच्या जाडीहून बारीक फरक निघाला, तरी तो तुकडा ते स्वतःच्या हाताने भंगारात टाकत. वरचे साहेब "चालेल" म्हणाले तरी टाकत. "साहेबांना चालेल हो, पण यंत्राला चालायला पाहिजे ना," असं त्यांचं म्हणणं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुने सोबती रस्त्यात भेटले की मायक्रॉन म्हणूनच हाक मारायचे. गल्लीत मात्र ते काका होते आणि त्यांची बायको काकू. आपणही काका-काकूच म्हणू.

काकांच्या मनगटावर कधी घड्याळ नव्हतं आणि बोटात कधी अंगठी नव्हती. फिरत्या यंत्रापाशी उभं राहणाऱ्याने अंगावर अडकेल असं काही ठेवायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. शेजारच्या लेथवरचा एक जण एकदा तो धडा विसरला आणि त्याच्या घड्याळाचा पट्टा तुकडा पकडणाऱ्या फिरत्या चकात सापडला. पुढचं काका कधीच पूर्ण सांगत नसत. "बटण बंद करायला मीच धावलो," एवढंच म्हणत आणि विषय बदलत. त्या दिवसापासून मनगटाला काहीही आवळलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. शर्टाच्या बाह्यासुद्धा ते कोपराच्या वर दुमडून ठेवत, मग बाहेर कितीही थंडी असो.

काकूंचं नेमकं उलटं होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिवणाचं मशीन. नवे कपडे त्या शिवत नसत. लोकांचे जुने कपडे नीट करून देत. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या जाकिटाची चेन बदलायची, कुणाचे पडदे नव्या खिडकीच्या मापाचे करायचे. डाव्या मनगटावर टाचण्या खोचायची कापसाची गादी सकाळी एकदा बांधली की ती थेट झोपतानाच सुटायची. कधीकधी त्या तशाच बाजारात जात. भाजीवाला म्हणायचा, "काकू, आज हत्यार घेऊन आलात." त्या म्हणायच्या, "भाव नीट लाव, मग काढत नाही."

तर अशा काकांच्या हृदयाच्या एका नळीत अडथळा निघाला आणि तिथे बारीक जाळी बसवावी लागली. काका त्यातून सुखरूप बाहेर पडले. जाळी कोणत्या धातूची, मिटलेली असताना किती जाडीची, आत जाऊन फुलते कशी, हे सगळं त्यांनी डॉक्टरबाईंकडून खोदून खोदून विचारून घेतलं आणि शेवटी "फिटिंग चांगलं झालंय" असा शेरा दिला. डॉक्टरबाईंना हसू आवरेना. पण घरी सोडताना त्यांनी काकांच्या हातात एक डबी ठेवली. डबीत काळा रबरी पट्टा होता.

"हा दिवसरात्र मनगटावर ठेवायचा, काका," त्या म्हणाल्या. "नाडी, चालणं, झोप, सगळं मोजतो. आत स्वतःचं सिम आहे, त्यामुळे कुठूनही ते तुमच्या फोनवर जातं आणि आमच्या देखरेख कक्षात येतं. तुमच्या मुलीलाही तिच्या फोनवर दिसेल. काही कमीजास्त वाटलं तर आम्हीच तुम्हाला फोन करू."

मुलगी म्हणजे बेबी. दुसऱ्या शहरात विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, केस पिकायला लागलेत, पण घरात अजून बेबीच. वडिलांच्या आजारपणासाठी ती रजा काढून आली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून तिने फोनमध्ये काकांची सगळी माहिती भरली. नाव, वय, उंची.

"बाबा, वजन किती? खरं सांगा."

"काट्यावरचं सांगू की तुझ्या आईच्या मनातलं?"

"आईच्या मनातलं सांगितलंत तर पट्टा तुटेल," काकू म्हणाल्या.

भरून झाल्यावर बेबीने फोन मिटला आणि जरा गंभीर होऊन म्हणाली, "बाबा, मी तिकडे असते. रात्री-अपरात्री फोन वाजला की मी दचकून उठते. सकाळी उठल्यावर एकदा बघता आलं ना की तुम्ही ठीक आहात, तर माझा दिवस सुखाने जाईल. एवढं कराल माझ्यासाठी?"

"करीन की," काका म्हणाले. आणि करायचं त्यांच्या मनात खरोखरच होतं.

बेबी गेली त्या दिवशी काका पट्टा बांधून जेवायला बसले. डावा हात त्यांनी ताटापासून लांब, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा ठेवला होता. कपाळावर घाम आला. अर्धं जेवण झालं नाही तोच त्यांनी पट्टा ओरबाडून काढला आणि पाण्याच्या भांड्याशेजारी टाकला.

"काढलात?" काकूंनी विचारलं.

"जमत नाही गं."

"अहो, पण तिकडे बेबीला काय दिसेल? बाबांची नाडी थांबली. पोरगी हाय खाईल."

"मग काय करू? हात कापून पाठवू तिच्याकडे?"

काकूंनी ताट बाजूला सारलं, पट्टा उचलला आणि स्वतःच्या उजव्या मनगटावर बांधला. डाव्यावर टाचण्यांची गादी होतीच. पट्ट्यावर हिरवा दिवा लुकलुकला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "झाली तुमची नाडी सुरू. जेवा आता."

ते त्या वेळेपुरतंच होतं. पण तशी वेळ रोजच आली, आणि मग कुणी त्याबद्दल बोलेनासं झालं. सकाळी काकू एका हाताला गादी बांधायच्या, दुसऱ्या हाताला काका.

दोघांना त्याची मजाही वाटायला लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. बेबीचा फोन यायचा, "बाबा, काल किती चाललात तुम्ही! तुमच्या जावयाला मागे टाकलंत." काका भारदस्त आवाजात म्हणायचे, "चालावं लागतं, बाळा. बसून राहिलं की गंज चढतो." समोर काकू तोंडाला पदर लावून हसत असायच्या, कारण बाजारात, वाण्याकडे आणि पडदे पोचवायला पाय त्यांचेच झिजले होते. उलट एखाद्या दिवशी शिवणाचं काम फार असलं की काकांना बोलणी बसायची. "बाबा, काल दिवसभर बसून होतात. असं चालणार नाही." काका त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ बागेत फिरून आलेले असायचे. ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे आणि फोन ठेवल्यावर काकूंना म्हणायचे, "तुझ्यामुळे मला शिव्या बसल्या. उद्या जरा फिरायला जा."

हे गुपित ठाऊक होतं ते एकट्या फिटरला. फिटर म्हणजे काकांचा कारखान्यातला जुना जोडीदार. संध्याकाळी पत्ते खेळायला यायचा. एकदा डाव रंगात आला असताना काकांच्या फोनने शाबासकीची धून वाजवली. आजचं चालणं पूर्ण झालं होतं. काकू तेव्हा बाजारात होत्या. फिटरने पत्ते खाली ठेवले. "मायक्रॉन, तू इथे बसून माझा एक्का मारलास आणि तिकडे भाजी घेत चालतोयस. असा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

हसण्यावारी असे बरेच दिवस गेले. मग एके सकाळी देखरेख कक्षातून फोन आला. बोलणाऱ्या सिस्टरचा आवाज गोड होता.

"आजोबा, तुमच्या नाडीचा ताल मधेमधे बिघडतोय असं आम्हाला दिसतंय. छातीत धडधड होते का? चक्कर?"

"नाही बुवा."

"काल दुपारी काय करत होतात?"

काल दुपारी काका आरामखुर्चीत पेपर वाचत होते. काकू पडद्यांचं गाठोडं घेऊन समोरच्या इमारतीचे जिने चढून आल्या होत्या. "काही नाही," काका म्हणाले, "बसलो होतो."

"बसल्या बसल्या झालं म्हणजे दाखवायलाच हवं," सिस्टर म्हणाली.

तिने बेबीलाही फोन केला होता. बेबी हातातलं काम टाकून मिळेल त्या गाडीने निघाली आणि दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. ती घरात होती तोवर काकांनी दातओठ आवळून पट्टा स्वतःच्या हातावर ठेवला. दवाखान्यात त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. छातीला तारा चिकटवून एक यंत्र दिवसभर गळ्यात अडकवलं. सगळं स्वच्छ निघालं. कुठे नावालाही खोट नव्हती.

डॉक्टरबाई कागद बघून बुचकळ्यात पडल्या. "पट्ट्यावर ताल चुकलेला इतका स्पष्ट दिसतोय," त्या म्हणाल्या, "आणि इथे काहीच नाही. काका, हा पट्टा तुम्हीच घालता ना? कधीकधी घरातलं दुसरं कुणी घेतं, गंमत म्हणून."

खोलीत चौघंच होती. काकू दाराजवळच्या खुर्चीत बसून पर्सची चेन मागेपुढे करत होत्या. काकांच्या शेजारी बेबी, मांडीवर त्यांच्या तपासण्यांचं जाड पाकीट घेऊन. काकांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळी उठून ती काय बघत होती आणि कशाच्या जोरावर तिचा दिवस जात होता, ते आता तिला सांगायचं? आपण दोघांनी इतके दिवस तिला बनवलं, हसलो, हे तिच्या तोंडावर, डॉक्टरबाईंसमोर?

"मीच घालतो," काका म्हणाले. "दुसरं कोण घालणार?"

काकूंच्या पर्सची चेन थांबली.

"मग यंत्रातच दोष असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नवा देते. जरा घट्ट बांधत जा."

बेबी परत गेली. काकू मशीनवर जाऊन बसल्या. एका शर्टाची कॉलर उलटवायची होती. काका नव्या पट्ट्याबरोबर आलेला माहितीचा कागद वाचत होते.

"सांगायला हवं होतं का हो?" काकूंनी विचारलं.

"काय सांगायचं? की तुमचा पट्टा चुकीच्या तुकड्यावर लावला होता म्हणून चुकीचं माप आलं?" काकांनी कागद खाली ठेवला. ते मशीनच्या विषयावर आले की त्यांचा आवाज सावरायचा. "हे बघ. आपण माप घ्यायचं गेज एका तुकड्यावर ठेवून शून्यावर लावतो. मग तेच गेज दुसऱ्या तुकड्यावर ठेवलं तर काटा हलणारच. त्याचा अर्थ दुसरा तुकडा वाईट असा नाही. गेज त्याच्यासाठी लावलेलंच नव्हतं. बेबीने पट्ट्यात माझं वय घातलं, माझी उंची, माझं वजन. त्याचं शून्य माझ्यावर. ते तुझ्या हातावर नीट चाललं असतं तरच नवल होतं."

त्यात खोट काढायला जागाच नव्हती. आयुष्यभर यंत्रांच्या बाबतीत काकांचं म्हणणं कधी चुकलेलं काकूंनी पाहिलं नव्हतं. या घरातला पंखा, मिक्सर, हे शिवणाचं मशीन, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी कॉलर सुईखाली सरकवली. मग पाय मशीनच्या पेडलवर ठेवण्याआधी, वर न बघता, म्हणाल्या, "तरी माझं एकदा बघून घ्यायचं का?"

"तुझं काय बघायचं? तू माझ्यापेक्षा ठणठणीत आहेस. आणि तिथे जाऊन सांगायचं काय, की का दाखवायला आलो?"

"मी आपलं विचारलं," काकू म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.

फिटरलाही काकांनी दुसऱ्या दिवशी सगळा प्रकार सांगितला. फिटरने पत्ते पिसता पिसता मान डोलावली. "बरोबर आहे. गेज ज्याचं त्याला. एवढं त्या डॉक्टरांना कळत नाही?" दोन जाणकारांचं एकमत झालं आणि तो विषय तिथेच मिटला.

मात्र काकांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. आपण मुलीशी खोटं बोललो. शिवाय नवा पट्टा पुन्हा काकूंच्या हातावर गेला तर पुन्हा चुकीचं माप जाणार, पुन्हा सिस्टरचा फोन, पुन्हा बेबी धावत येणार. तेव्हा आता खऱ्याने वागायचं, असं त्यांनी ठरवलं. पट्टा स्वतः घालायचा.

सोपं नव्हतं ते. पहिले काही दिवस त्यांची झोप उडाली. काकू म्हणायच्या, "द्या हो इकडे, कशाला जिवाचे हाल?" पण काकांनी दिला नाही. हळूहळू मनगटाला सवय झाली. पुढे तर त्यांना गोडीच लागली. सकाळी चष्मा लावून ते आधी फोन बघायचे. झोप किती, नाडी किती, कालच्यापेक्षा आज कशी. आकडे हा त्यांच्या जिव्हाळ्याचाच विषय. देखरेख कक्षातल्या सिस्टरला त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की पट्टा घालायला तयार नसलेल्या दुसऱ्या आजोबांना समजावण्यासाठी ती यांना दवाखान्यात बोलवायला लागली. काका बाकावर बसून त्या आजोबांना सांगायचे, "सुरुवातीला हात आपला वाटत नाही. मग वाटतो. मी यंत्रावर आयुष्य काढलंय, माझ्यावर विश्वास ठेवा."

बेबीच्या फोनवर आता नाडीची रेघ एका तालात चालली होती. "नवा पट्टा चांगला निघाला," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाईही खूश होत्या.

त्याच दिवसांत काकू जिना चढताना मधल्या वळणावर थांबायला लागल्या. कठड्याला हात टेकून खिडकीतून खाली बघायच्या, जणू कुणाची वाट बघताहेत. "उकडतंय," म्हणायच्या. कधी मशीन चालवता चालवता पाय काढून घ्यायच्या आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसायच्या. काकांनी हे पाहिलं नाही असं नाही. त्यांनी विचारलंही, "काय गं?" त्या म्हणाल्या, "वय झालं आता, दुसरं काय." काकांना ते पटलं, कारण वय त्यांचंही झालं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या मनगटात गुंतलं होतं.

एके दिवशी सकाळी काका स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेरच्या खोलीत मशीन चालू होतं. आवाज ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला. मोटर फिरत होती, सुई खालीवर होत होती, पण कापड पुढे सरकत नव्हतं. एकाच जागी टाके पडत होते. असा आवाज करून हिने कधीच मशीन चालवलं नसतं. काका गाळणी तशीच टाकून बाहेर आले. काकू मशीनवर झुकल्या होत्या. उजवा पाय सगळं वजन टाकून पेडलवर, उजवा हात खाली लोंबत होता. त्यांनी मान वळवून काकांकडे पाहिलं. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. त्या काहीतरी म्हणायला गेल्या. रोज हजारदा म्हटलेली, नवऱ्याला मारायची ती हाकसुद्धा आली नाही.

काकांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

संध्याकाळपर्यंत बेबी येऊन पोचली. काकूंचा जीव वाचला होता. उजवी बाजू आणि बोलणं गेलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं, आणि काकूंच्या छातीला तारा लावल्याबरोबर कारण समोर आलं. हृदयाचा ताल मधेमधे चुकत होता. ताल चुकला की आत रक्त साकळतं, त्याची गुठळी सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते. डॉक्टरबाईंनी हे दोघांना बाहेरच्या व्हरांड्यात समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "यांना आधी कधी असा काही त्रास? कुठे काही नोंद? आधी कळलं असतं तर रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज दिली असती. बहुतेक वेळा तेवढ्याने टळतं."

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी बेबीकडे पाहिलं नाही. "नोंद आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडेच आहे. माझ्या नावावर."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गेजची गोष्टही सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळलं नसतं. डॉक्टरबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. त्यांचं ऐकून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "काका, वय आणि वजन लागतं ते चालण्याच्या, झोपेच्या हिशेबाला. नाडीचा ताल पट्टा जसा ऐकतो तसाच लिहितो. हात कुणाचाही असो."

बेबीने फोन काढला. जुने महिने मागे सारत ती त्या काळापर्यंत गेली आणि फोन डॉक्टरबाईंच्या हातात दिला. डॉक्टरबाईंनी बोटाने रेघ मोठी करून पाहिली आणि नुसती मान हलवली.

काकांना वाटलं, आता ही बोलेल. बोलावं, असंही वाटलं. बेबीने फोन परत घेतला, बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी रोज सकाळी आईचं हृदय बघत होते, बाबा. आणि मला ते माहीतच नव्हतं."

एवढंच. त्यानंतर तिने त्या बाबतीत अवाक्षर काढलं नाही. कदाचित कधी काढणारही नाही. आईला घरी आणल्यावर तिने पुष्कळ रजा काढली, खोलीत पलंगाला कठडे लावून घेतले, दिवसभरासाठी एक बाई ठेवली. काकूंच्या डाव्या मनगटावर त्यांच्या नावाचा, त्यांचं वय आणि वजन घातलेला पट्टा स्वतः बांधला. आता तिचा फोन रोज येतो. आईने किती खाल्लं, व्यायाम झाला का, गोळ्या वेळेवर दिल्या का. काका एकेक उत्तर देतात. "बाबा, काल किती चाललात," हे मात्र ती विचारत नाही. काकांच्या हातावर पट्टा अजून आहे. ती बघते की नाही ते त्यांना माहीत नाही, आणि विचारायचा त्यांना धीर होत नाही.

फिटर येतो. पत्ते बाहेर निघत नाहीत. एकदा तो म्हणाला, "मी तरी कुठे शहाणा होतो, मायक्रॉन. मीही मान डोलावली ना." काका म्हणाले, "तुला तिने विचारलं नव्हतं."

दुपारी बोलणं शिकवणाऱ्या बाई टॅबलेटच्या पडद्यावर येतात. त्या लांब कुठेतरी बसलेल्या असतात, पण चेहरा पलंगापाशी असल्यासारखा. पडद्यावर चित्रं येतात, कप, किल्ली, छत्री, आणि काकूंनी डाव्या बोटाने दाखवायचं असतं. कप म्हटल्यावर कधी त्या कप दाखवतात, कधी किल्ली. काका टॅबलेट तिरपा धरून बसतात, उजेडाची चमक येऊ नये म्हणून. एक शब्द काकूंना परत मिळाला आहे. "हो." पहिल्यांदा तो आला तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना नंतर नीट समजावलं. "आजोबा, तो शब्द सध्या नुसता तोंडात येतो. भूक लागली का म्हटलं तरी हो, नाही लागली ना म्हटलं तरी हो. त्याला उत्तर धरू नका. घाई नको. काही शब्द येतील, काही येणारही नाहीत."

परवा दुपारी असाच तास संपला. बाई पडद्यावरून गेल्या. कामाची बाई मागे कपडे वाळत घालत होती. काकांनी टॅबलेट मिटून स्टुलावर ठेवला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. खिडकीतलं मशीन झाकून ठेवलेलं होतं. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या. चेहऱ्याची एक बाजू पूर्वीसारखी, जराशी थट्टेखोर.

"एक विचारू का?" काका म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

"त्या दिवशी कॉलर उलटवत होतीस. तू म्हणालीस, माझं एकदा बघून घ्यायचं का. ते का विचारलंस?" ते थांबले. लांबलचक बोललेलं हिला कळत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी वाक्य तोडून लहान केलं. "छातीत काही होत होतं का तुला? तेव्हा? कळत होतं का?"

"हो."

काकांनी तिचा डावा हात हातात घेतला. पट्ट्याच्या कडेला कातडी जराशी लाल झाली होती. त्यांनी पट्टा एक भोक सैल केला.

"की नुसतंच विचारलंस?" ते म्हणाले. "आपलं असंच. काही होत नव्हतं ना?"

"हो," काकू म्हणाल्या. तितक्याच ठामपणे, तशाच त्यांच्याकडे बघत.

काका वाट बघत बसले. कदाचित आणखी काही येईल, मान हलेल, डोळे काही सांगतील. काकूंनी खिडकीकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. बाहेर कामाची बाई कपडे झटकत होती, त्याचा फटफट आवाज येत होता. आणखी एकदा विचारावं असं काकांच्या ओठांवर आलं, आणि त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि तिची दुपारची गोळी आणायला आत गेले.